श्वासांसकट आवाज : जुन्या ध्वनिफितींच्या डिजिटल जतनसेवेचा अनुभव

नभोवाणी आणि दूरचित्रवाणी या दोन्ही माध्यमांत मिळून ३८ वर्षे निवेदन, वृत्तवाचन आणि मुलाखती करणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सहकारी निवेदिकेचा गौरव करायचे आम्ही काही जुन्या सहकाऱ्यांनी ठरवले. पहिल्या बैठकीत मानपत्राचा मजकूर, वक्त्यांची नावे आणि व्यासपीठावरची व्यवस्था यांवरच बराच वेळ चर्चा झाली. शेवटी आमच्यातल्या एका ध्वनिमुद्रकाने विचारले, की ज्यांचे सगळे आयुष्य बोलण्यात गेले त्यांच्याविषयी आपण सगळे बोलणार, पण त्यांचा स्वतःचा आवाज कधी ऐकवणार? ताईंच्या घरी एका कपाटात स्पूलच्या फिती, कॅसेट आणि काही यू-मॅटिक व्हिडिओफिती होत्या, हे आम्हाला ठाऊक होते, मात्र त्या वाजवण्याचे यंत्र आमच्यापैकी कोणाकडेही उरले नव्हते. म्हणून आम्ही जुन्या फितींचे डिजिटल रूपांतर करून देणारी आणि त्यांतून समारंभासाठी ४० मिनिटांचा श्राव्य-दृश्य कार्यक्रम बांधून देणारी एक व्यावसायिक सेवा घेतली. हे परीक्षण त्या सेवेविषयी आहे. एखाद्या ज्येष्ठ प्रसारकाचा गौरव करू पाहणाऱ्या कुटुंबांना आणि संस्थांना अशी सेवा निवडताना कशाकडे लक्ष द्यावे हे कळावे, म्हणून ते थोडे तपशिलात लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. रूपांतराचे काम उत्तम झाले, कार्यक्रमाच्या संकलनात मात्र सुरुवातीला गंभीर चूक झाली आणि ती आम्हाला आग्रह धरून दुरुस्त करून घ्यावी लागली.

हे काम पुढे ढकलण्यासारखे नव्हते. प्रसारणसंस्थांमध्ये फीत महाग असल्यामुळे ती पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत जगभर होती, आणि त्यामुळे पहिल्या काही दशकांतले कितीतरी कार्यक्रम कायमचे गेले. १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या पहिल्या मानवांच्या चित्रणाच्या मूळ दूरमापन फितीसुद्धा बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे नासाने २००९ मध्ये जाहीर केले. जिथे ती अवस्था, तिथे एखाद्या केंद्रावरच्या दुपारच्या मुलाखतीची फीत कोण जपणार? ताईंच्या कपाटात जे उरले होते ते त्यांनी त्या त्या वेळी परवानगीने स्वतःसाठी करून घेतलेल्या प्रतींमुळे उरले होते. त्यात भर अशी, की फीत टिकली तरी ती वाजवणारी यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात झपाट्याने कमी होत आहेत. युनेस्को आणि ध्वनी व दृकश्राव्य अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये याच कारणासाठी जगभरातल्या चुंबकीय फितींविषयी धोक्याची सूचना देणारा प्रकल्प हाती घेतला होता, आणि २०२५ च्या आसपास अनेक ठिकाणी या फिती वाजवणेच अशक्य होत जाईल, अशी भीती त्यात व्यक्त केली होती.

सेवेची पहिली चांगली खूण फिती स्वीकारतानाच दिसली. तिथल्या तंत्रज्ञाने खोकी मोजून बाजूला ठेवली नाहीत. त्याने प्रत्येक खोके उघडून आधी वास घेतला. सेल्युलोज अॅसिटेटच्या जुन्या फिती खराब होऊ लागल्या की त्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्या आकसतात, ठिसूळ होतात आणि ताण पडताच काचेसारख्या तुटतात. पॉलिएस्टरची फीत मात्र तुटण्याआधी ताणली जाते, आणि ताणलेला भाग पुन्हा पूर्ववत होत नाही. दोन्ही प्रकार नुसत्या नजरेला सारखेच दिसतात. त्याने प्रत्येक स्पूल दिव्यासमोर धरला आणि गुंडाळीच्या कडेतून प्रकाश आरपार येतो की नाही हे पाहिले. ज्यांतून उजेड दिसला त्या अॅसिटेटच्या म्हणून वेगळ्या ठेवल्या. त्यानंतर खोक्याची पुढची बाजू, मागची बाजू, आतली क्यू-शीट (कार्यक्रमाचा क्रम आणि संकेत लिहिलेला कागद) आणि स्पूलवर चिकटवलेली चिठ्ठी अशी प्रत्येकाची छायाचित्रे घेतली गेली. ताईंच्या अक्षरात एका खोक्यावर ‘सुरुवातीची ओळख परत वाचली, दुसरी घ्यावी’ असे लिहिले होते. ही ओळ फितीवर नव्हती, ती फक्त खोक्यावर होती, आणि छायाचित्र घेतले नसते तर कोणती ओळख प्रसारित झाली हे पुढे कोणालाच सांगता आले नसते.

एका दिवशी मला रूपांतराच्या वेळी शेजारी बसू दिले गेले. ज्यांना शक्य असेल त्यांनी ही मागणी जरूर करावी, कारण सेवेची गुणवत्ता तिथेच कळते. पाव इंच रुंदीची फीत यंत्रावर चढली, तंत्रज्ञाने कानाला हेडफोन लावला आणि फीत वाचणाऱ्या हेडचा कल एका बारीक स्क्रूने अगदी थोडा थोडा फिरवू लागला. मूळ ध्वनिमुद्रण ज्या यंत्रावर झाले त्याच्या हेडचा कल आणि वाजवणाऱ्या यंत्राच्या हेडचा कल जुळला नाही, तर आवाजातल्या उंच कंप्रता गळून पडतात, आणि त्या सर्वांत आधी जातात त्या ‘स’, ‘श’ आणि ‘च’ या वर्णांमधून. स्क्रू अर्धवट असताना ताईंचा आवाज एखाद्या जाड पडद्यामागून यावा तसा बोथट येत होता. मग एका क्षणी ‘श्रोतेहो’ हा शब्द त्यातल्या ‘श्र’सकट लख्ख उमटला. त्या एका जोडाक्षरावर त्यांनी किती मेहनत घेतली होती हे मी उमेदवारीच्या काळात स्टुडिओच्या काचेआडून पाहिले होते, त्यामुळे मला पुढची काही मिनिटे काही लिहून घेता आले नाही.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ऐकली. ताईंनी ‘नमस्कार’ म्हणण्याआधी सेकंदभर, अगदी अस्पष्ट, दुरून आल्यासारखा तोच ‘नमस्कार’ ऐकू येत होता. वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवलेल्या फितीत एका थरावरचे चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटते, त्यामुळे हा प्रतिध्वनी शब्दाच्या आधी येतो. तंत्रज्ञाने फीत वाजवण्यापूर्वी ती दोनतीन वेळा सावकाश पुढेमागे गुंडाळून घेतली, तेव्हा तो प्रतिध्वनी बराच मंदावला. फीत साठवताना शेवट बाहेरच्या बाजूला ठेवला, तर प्रतिध्वनीचा ठळक भाग शब्दाच्या मागे पडतो आणि शब्दाच्या आडोशाला लपतो. म्हणून जाणकार अभिलेखपाल फीत उलटी, म्हणजे शेपूट बाहेर ठेवून साठवतात, असे त्याने मला समजावून सांगितले.

एका स्पूलच्या खोक्यावर वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर असा लिहिलेला होता, पण फितीच्या उत्तरार्धात ताईंचा आवाज अचानक दुप्पट वेगाने आणि लहान मुलीसारखा चिरका येऊ लागला. कोणीतरी फीत वाचवण्यासाठी अर्ध्यावर वेग निम्म्यावर आणला होता. तंत्रज्ञाने यंत्र थांबवले, साडेनऊ सेंटिमीटरच्या वेगावर आणून तो भाग पुन्हा घेतला आणि हेडचा कलही नव्याने जुळवला. एकाच वेळी पाचसहा यंत्रे लावून कोणी न ऐकता रूपांतर करणाऱ्या ठिकाणी हा भाग तसाच चिरका राहिला असता, आणि आम्हाला तो समारंभाच्या आदल्या रात्री सापडला असता. म्हणून सेवा ठरवताना पहिला प्रश्न असा विचारावा, की रूपांतर होत असताना संपूर्ण फीत कोणी माणूस ऐकतो का?

चार फितींच्या बाबतीत काम अडले. सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत बनलेल्या, मागच्या बाजूला काळा थर असलेल्या काही फितींमध्ये चुंबकीय कण धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा थर हवेतला दमटपणा शोषून चिकट होतो. अशी फीत यंत्रावर चढवली की ती किंचाळते, हेडवर तपकिरी चिकटा साठतो आणि त्या चिकट्याबरोबर ध्वनीही खरवडून निघतो. यावरचा उपाय म्हणजे फीत नियंत्रित उष्णतेत, ५० ते ५५ अंश सेल्सियसच्या आसपास, कित्येक तास ठेवणे. त्यानंतर काही आठवडे ती वाजण्याजोगी राहते. तेवढ्या अवधीत ती उतरवून घ्यायची असते, कारण चिकटपणा पुन्हा परततो. या सेवेने तसे करण्यापूर्वी आमची लेखी संमती घेतली, आणि अॅसिटेटच्या फितींना ही उष्णता चालत नाही हे स्वतःहून सांगितले. चारपैकी चारही फिती वाचल्या. हे काम घरच्या ओव्हनमध्ये कोणीही करून पाहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कॅसेटविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. त्या बहुतेक घरी रेडिओवरून उतरवलेल्या होत्या, त्यांचा दर्जा मुळातच मर्यादित होता, आणि त्या नीट उतरल्या.

व्हिडिओच्या बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. पाऊण इंची यू-मॅटिक हा प्रकार १९७१ मध्ये आला आणि १९८२ मध्ये बेटाकॅम हा पुढचा फितीचा प्रकार येईपर्यंत वार्तांकनाचा मोठा भाग त्यावरच चालला. ताईंच्या दूरचित्रवाणीवरच्या काही मुलाखती या फितींवर होत्या. रूपांतराच्या मूळ फाइल चांगल्या आल्या. फितीचा काही भाग इतका झिजला होता की चित्रात पांढऱ्या रेषा आणि तुटलेले पट्टे आले, आणि ते लपवण्याचा प्रयत्न न करता कोणत्या मिनिटाला काय बिघाड आहे याची नोंद आम्हाला दिली गेली. हा प्रामाणिकपणा मला फार महत्त्वाचा वाटतो. पण समारंभाच्या कार्यक्रमात तेच चित्र आजच्या रुंद पडद्यावर बसवण्यासाठी दोन्ही बाजूंनी ताणलेले होते. चारास तीन या प्रमाणातले चित्र सोळास नऊच्या पडद्यावर ताणले की चेहरा पसरट होतो, खांदे बेढब होतात आणि कॅमेऱ्यासमोर सरळ, सावरून बसण्याची ज्यांनी आयुष्यभर शिस्त पाळली त्यांची बैठकच बिघडून जाते. दोन्ही बाजूंना काळी जागा सोडून चित्र मूळ प्रमाणात ठेवायचे, एवढाच यावर उपाय आहे. तो करून घेण्यासाठी आम्हाला दोनदा सांगावे लागले.

सर्वांत गंभीर चूक ध्वनीच्या बाबतीत होती. कार्यक्रमाची पहिली प्रत आम्ही ताईंना न सांगता आधी स्वतः ऐकली. आवाज स्वच्छ होता, फितीची खरखर पूर्णपणे गेली होती, आणि तरीही तो आवाज ताईंचा वाटत नव्हता. पुन्हा ऐकल्यावर कारण लक्षात आले. खरखर काढणाऱ्या संगणकीय प्रक्रियेने तिच्याबरोबर त्यांचे श्वास काढून टाकले होते, शब्दांच्या शेवटी विरत जाणारा स्टुडिओचा अवकाश कापला होता, आणि ‘ह’सारखे हलके वर्ण पाण्याखालून आल्यासारखे झाले होते. त्यावर संकलकाने विराम आखूड केले होते आणि सगळ्या निवेदनाखाली सतारीचे मंद संगीत घातले होते.

मायक्रोफोनवर बोलणाऱ्या माणसाचे अर्धे कौशल्य श्वास कुठे घ्यायचा यात असते. बातमीपत्र वाचताना लांब वाक्याच्या आधी किती हवा भरायची, पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून ते कोपऱ्यातून कसे उचलायचे, दुःखद बातमीनंतर पुढच्या बातमीकडे जाताना किती थांबायचे, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते, आणि नव्या निवेदकांना ते शेजारी बसूनच शिकावे लागते. ताईंचा श्वास ऐकू येत असे, पण तो कधीही धापेसारखा नसे. तो पुढच्या वाक्याची चाहूल असे. तोच काढून टाकल्यावर मागे शब्द उरतात, आणि शब्द तर कोणीही वाचू शकते.

त्या कार्यक्रमात एक जुनी मुलाखत होती. एका वृद्ध वादकांना ताई त्यांच्या गुरूंविषयी विचारतात. ते बोलायला सुरुवात करतात, मध्येच थांबतात आणि काहीच बोलत नाहीत. मूळ फितीवर ही शांतता ११ सेकंदांची आहे. नभोवाणीवर ११ सेकंद फार मोठे असतात, कारण ऐकणाऱ्याला संच बिघडला की केंद्र बंद पडले असे वाटू लागते, आणि नियंत्रणकक्षातला माणूस बटणावर हात ठेवून बसतो. ताईंनी त्या ११ सेकंदांत एक शब्दही उच्चारला नाही. अगदी बारकाईने ऐकले तर त्यांचा एक सावकाश घेतलेला श्वास ऐकू येतो. मग ते वादक पुन्हा बोलू लागतात, आणि पुढे जे सांगतात ते त्यांनी आधी कोणालाही सांगितलेले नव्हते, असे ते स्वतःच म्हणतात. संकलकाने ही शांतता दोन सेकंदांवर आणली होती. ‘श्रोते कंटाळतील,’ असे त्याचे म्हणणे होते.

या टप्प्यावर आम्ही ताईंना दोन्ही प्रती ऐकवायचे ठरवले. त्यांनी पहिली प्रत शेवटपर्यंत शांतपणे ऐकली. नंतर मूळ फितीवरची ती मुलाखत लावली, तेव्हा त्या ११ सेकंदांत त्यांनी बोटाने खुर्चीच्या हातावर ठेका मोजल्यासारखे केले, आणि संपल्यावर संकलकाकडे वळून म्हणाल्या, ‘बाळा, तुझे काम नीटनेटके आहे. पण इथे मी काम करत होते. तेवढे मात्र कापू नकोस.’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. संकलक तरुण होता, त्याने हे मनावर घेतले, आणि पुढची प्रत त्याने स्वतःहून पुष्कळ बदलली. खरखर पूर्ण काढण्याऐवजी ती थोडीशी खाली आणली, श्वास परत आणले, पार्श्वसंगीत फक्त दोन भागांच्या मधल्या जोडांपुरते ठेवले आणि ती शांतता जशीच्या तशी राहू दिली. चूक कळल्यावर ती ज्या रीतीने दुरुस्त केली गेली, तिच्यामुळेच मी ही सेवा इतरांना सुचवू शकते. तरीही ज्यांच्या घरी ज्येष्ठ व्यक्ती आज हयात नाही, त्यांच्या वतीने हे सांगणारे कोणी नसेल. त्यांनी काम सोपवतानाच लेखी कळवावे, की मूळ रूपांतराची फाइल कोणतीही स्वच्छता न करता वेगळी द्यावी, आणि स्वच्छ केलेली प्रत तिच्यासोबत असावी, तिच्या जागी नसावी.

समारंभात ती मुलाखत लागली, तेव्हा सभागृहातला प्रकाश मंद केलेला होता आणि पडद्यावर फक्त फितीच्या खोक्याचे छायाचित्र होते. शांततेच्या पाचव्या-सहाव्या सेकंदाला मागच्या रांगांत थोडी चुळबुळ झाली, मग तीही थांबली. त्या वेळी मी ताईंकडे पाहत होते. त्या पडद्याकडे पाहत नव्हत्या, डोळे मिटून ऐकत होत्या, आणि वादकांनी पुन्हा बोलायला सुरुवात करण्याच्या किंचित आधी त्यांनी मान हलवली.

हाती आलेल्या साहित्याविषयी समाधान आहे. ध्वनीच्या मूळ फाइल ९६ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट या दर्जाच्या, न दाबलेल्या वेव्ह स्वरूपात आहेत. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये किमान ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट सुचवलेले आहेत, त्यामुळे हा दर्जा पुरेसा आहे. एकमार्गी (मोनो) ध्वनीच्या एका तासाला साधारण एक जीबी जागा लागते, हे लक्षात घेऊन साठवणीची सोय आधीच करावी. रोज ऐकण्यासाठी लहान आकाराच्या प्रती वेगळ्या दिल्या आहेत. प्रत्येक फाइलसोबत तपासणी-संख्या आहे, म्हणजे काही वर्षांनी फाइल न बिघडता तशीच उरली आहे की नाही हे पडताळता येते. आम्ही तीन प्रती केल्या असून त्यांपैकी एक वेगळ्या ठिकाणी ठेवली आहे. नावे आणि तारखा भरलेली सूची मात्र अपुरी होती. पाहुण्यांची नावे ‘पाहुणा १’, ‘पाहुणा २’ अशी आली होती. ती आम्ही ताईंसोबत बसून भरली, आणि प्रत्येक नावाशेजारी त्यांना आठवलेली गोष्टही टिपून ठेवली.

दोन बाबतींत सुधारणा हवी. मधल्या काळात कित्येक दिवस काम कुठवर आले आहे याची काहीच माहिती आम्हाला मिळाली नाही, आणि समारंभाची तारीख ठरलेली असताना ही अनिश्चितता फार त्रासदायक होते. दुसरे असे, की प्रसारित कार्यक्रमांचे हक्क सहसा प्रसारणसंस्थेकडे असतात, आणि घरी प्रत असली म्हणून ती जाहीरपणे वाजवण्याची परवानगी आपोआप मिळत नाही. याची कल्पना सेवेने आम्हाला द्यायला हवी होती. ती आम्ही स्वतः शोधून काढली आणि संबंधित संस्थेकडून लेखी परवानगी घेतली. दरआकारणी फितींच्या संख्येवर होते की ध्वनीच्या एकूण तासांवर, हेही आधीच स्पष्ट करून घ्यावे, कारण एकाच आकाराच्या दोन स्पूलांवर वेगानुसार दुप्पट कालावधी असू शकतो.

अॅसिटेटच्या दोन फिती अजून तिथेच आहेत. त्या इतक्या आकसल्या आहेत की त्या घाईने वाजवू नयेत, असे तंत्रज्ञाने सांगितले आणि आम्ही ते मान्य केले. बाकीच्या सगळ्या फिती परत आल्या, त्या शेपूट बाहेर ठेवून गुंडाळलेल्या, आणि प्रत्येक खोक्यावर ‘शेवट बाहेर’ अशी छापील चिठ्ठी चिकटवलेली. ताईंनी त्या खोक्यांवर एकेक करून हात फिरवला, ज्या खोक्यावर ‘दुसरी घ्यावी’ असे लिहिले होते ते बाजूला काढले, पेन मागून घेतले आणि जुन्या ओळीखाली, तशाच तिरप्या अक्षरात लिहिले, ‘दुसरीच गेली. ठीक होती.’